पृथ्वीच्या थरांत मनुष्याचें स्थान

गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांत जुन्या विहिरीचें खोदकाम चाललें होतें. पाणी आटलें म्हणून ती आणखी खोल करावी, असें घरधन्यानें ठरविलें होतें. मी कांठाशीं उभा राहून पाहत होतों. वर दोन हात काळी माती, तिच्या खालीं मुरूम, मुरुमाखालीं कठीण काळा खडक, आणि खडकाच्या दोन थरांमध्यें विटेच्या रंगाच्या तांबड्या मातीचा एक पट्टा, असें विहिरीचें अंग उघडें दिसत होतें. जवळ बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें मला विचारलें, "पाळकसाहेब, ही तांबडी माती खडकाच्या पोटांत कोणीं भरली?" मला ठाऊक होतें तें मीं सांगितलें. तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "मग आमची माती पुढें कोणी खणील, तर तिच्यांत त्याला आमचें काय सांपडेल?"

हा प्रश्न त्यानें थट्टेनें विचारला नव्हता, व मींही तो थट्टेवारी नेला नाहीं. ह्याच प्रश्नावर मोठमोठ्या भूगर्भशास्त्रज्ञांनीं आज कित्येक वर्षें वाद केला आहे. आणि तो नुसत्या शास्त्राचा प्रश्न नसून नीतीचाही आहे. यास्तव वाचकांनीं थोडा धीर धरून माझ्याबरोबर ह्या थरांत उतरावें, अशी माझी विनंति आहे.

प्रथम त्या तांबड्या मातीविषयीं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या दख्खनच्या भूमीवर जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहूं लागला. एक लोट थिजून खडक होई. मग पुष्कळ काळ शांततेंत जाई. त्या काळांत ऊन, वारा व पाऊस ह्यांच्या योगानें खडकाचा वरचा भाग झिजून त्याची माती होई. आणि मग तिच्यावर दुसरा लोट येऊन तिला भाजून काढी. असे थरावर थर चढून सह्याद्रीचे कडे तयार झाले. आजही ह्या खडकानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे. आणि ज्या काळ्या मातींत आपण ज्वारी व कापूस पेरतों, ती त्याच खडकाची झीज होय.

असे थर म्हणजे पृथ्वीचें दप्तर होय. कुळकर्ण्याच्या दप्तरांत खाडाखोड करितां येत असे. ह्या दप्तरांत ती कोणालाही करितां येत नाहीं. दख्खनांत हा रस वाहत होता त्याच युगांत मेक्सिको देशाच्या किनाऱ्याशीं आकाशांतून एक प्रचंड पाषाण आदळला. त्याची साक्ष कोठें सांपडली? इटली देशांतील गुब्बिओ गांवाजवळच्या डोंगरांत, बोटभर जाडीच्या चिकणमातीच्या थरांत. लुईस आल्व्हारेझ व त्यांचे पुत्र वॉल्टर ह्यांनीं आपल्या सोबत्यांसह १९८० सालीं दाखवून दिलें कीं, पृथ्वीच्या कवचांत अत्यंत दुर्मिळ असलेला इरिडियम धातु त्या थरांत नेहमींपेक्षां कितीतरी अधिक आहे. त्या थराच्या वरच्या अंगास डायनोसॉर नांवाच्या प्रचंड सरपट प्राण्यांची हाडें सांपडत नाहींत. एवढ्याशा मातींत एका जगाचा अंत लिहिलेला आहे.

कोणी म्हणेल, "हीं इतकीं वर्षें मोजलीं कोणीं?" शंका योग्य आहे. कांहीं खनिजांत युरेनियम नांवाचा धातु असतो. तो अतिशय मंद पण ठराविक गतीनें झिजतो व शेवटीं त्याचें शिसें होतें. किती युरेनियम उरलें व किती शिसें झालें हें मोजलें म्हणजे, घटिकापात्रावरून वेळ कळावी तसा, किती काळ लोटला हें कळतें. अमेरिकेंतील क्लेअर पॅटरसन ह्यांनीं आकाशांतून पडलेल्या दगडांतील शिसें मोजून १९५६ सालीं पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें ठरविलें. आज तें ४५४ कोटि मानितात. सृष्टि किती जुनी आहे हें कळल्यानें सृष्टिकर्त्याची थोरवी उणी होत नाहीं. उणा होतो तो आपला गर्व.

एवढा काळ मनांत मावत नाहीं, म्हणून त्याचा एक रस्ता करूं. ४५४ किलोमीटर लांबीचा रस्ता कल्पावा. त्याचा प्रत्येक किलोमीटर म्हणजे एक कोटि वर्षें. ह्या रस्त्यानें निघालेला वाटसरू कित्येक दिवस चालेल. पण शेवटचे सुमारें ४० किलोमीटर उरेपर्यंत त्याला वाटेंत एकही वृक्ष भेटणार नाहीं. दख्खनचा तप्त रस त्याला मुक्कामाच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरांवर लागेल. आपली मनुष्यजाति सुमारें ३ लक्ष वर्षांची. म्हणजे शेवटच्या ३० मीटरांत, अंगणाच्या फाटकाशीं, पहिला मनुष्य दिसेल. शेवटचें मोठें हिमयुग सरून हल्लींचें सौम्य युग सुरू झालें त्यास ११,७०० वर्षें झालीं; शास्त्रज्ञ त्यास होलोसीन असें म्हणतात. नांगर, गांव, राज्यें, लेखनकला, हें सर्व ह्या युगांतलें, म्हणजे शेवटच्या अडीच हातांतलें. आणि १९५२ सालापासून आजपर्यंतचा काळ केवढा? गव्हाच्या एका दाण्याएवढा.

वाद आहे तो ह्या शेवटच्या दाण्याविषयीं.

मनुष्याच्या करणीमुळें पृथ्वीचें एक नवें युग सुरू झालें आहे, हा विचार अगदीं आजचा नव्हे. इटलींतील आंतोनिओ स्तोप्पानी नांवाचे धर्मगुरु भूगर्भशास्त्राचे मोठे जाणते होते. त्यांनीं १८७३ सालीं अशाच अर्थाचें नांव सुचविलें होतें. पुढें २००० सालीं पाउल क्रुट्झन ह्या रसायनशास्त्रज्ञानें मेक्सिकोंतील एका सभेंत सांगितलें कीं, आपण आतां होलोसीन युगांत नाहीं, आपण अँथ्रोपोसीन म्हणजे मानवयुगांत आहों. २००९ सालीं ह्याचा विचार करण्यासाठीं शास्त्रज्ञांचें एक मंडळ नेमण्यांत आलें.

नवें युग ठरवावयाचें तर नुसतें बोलून भागत नाहीं. पृथ्वीवर एक ठिकाण असें दाखवावें लागतें कीं, जेथें जुन्या व नव्या काळाची सीमा थरांत स्पष्ट दिसते. उदाहरणार्थ, होलोसीनचा अगदीं अलीकडचा भाग सुमारें ४,२०० वर्षांपूर्वीं सुरू झाला. त्याची सीमा आपल्याच देशांत, चेरापुंजीजवळच्या मॉम्लू गुहेंत ठिबकलेल्या चुनखडीच्या थरांवरून ठरली, व २०१८ सालीं त्या काळास मेघालयन हें नांव देण्यांत आलें. मानवयुगासाठीं त्या मंडळानें २०२३ सालीं कॅनडा देशांतील क्रॉफर्ड नांवाचें एक तळें निवडलें. तें लहान पण खोल आहे. त्याच्या तळचें पाणी वरच्या पाण्यांत मिसळत नाहीं, म्हणून गाळ ढवळला जात नाहीं. दर उन्हाळ्यांत तेथें चुन्याचा पांढरा पापुद्रा बसतो व त्यावर पालापाचोळ्याचा काळसर पापुद्रा चढतो. त्यामुळें एकएक वर्ष वेगळें मोजतां येतें. त्या गाळांत, कांहीं शतकांपूर्वीं तळ्याकांठीं राहणाऱ्या मूळच्या रहिवाशांच्या मक्याचे परागकण आहेत. त्याहून पुष्कळ वर, विसाव्या शतकाच्या मध्याच्या गाळांत, कोळसा व तेल जाळल्यानें उडालेली बारीक काजळी आहे, आणि प्लुटोनियम आहे. १ नोव्हेंबर १९५२ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांतील एका बेटावर पहिला हायड्रोजन बाँब उडविला. अशा स्फोटांची धूळ साऱ्या जगावर पडली, व ह्या तळ्यांतही पडली. प्लुटोनियम निम्मा होण्यास सुमारें २४,००० वर्षें लागतात. शेतीच्या सबंध इतिहासाची ही दुप्पट झाली.

तथापि मार्च २०२४ मध्यें वरिष्ठ मंडळांत मतें घेण्यांत आलीं, तेव्हां नव्या युगाच्या बाजूस ४ व विरुद्ध १२ मतें पडलीं, आणि सूचना नामंजूर झाली. ह्यावरून कोणीं असें समजूं नये कीं, मनुष्यानें पृथ्वीचें कांहीं बिघडविलें नाहीं, असा निकाल लागला. विरोध करणाऱ्यांपैकीं अनेकांचें म्हणणें असें होतें कीं, मनुष्याची करणी १९५२ सालीं सुरू झाली नाहीं. त्यानें रानें तोडलीं, शेती केली, वाफेचीं यंत्रें चालविलीं, हें सर्व त्यापूर्वींचें आहे. तेव्हां एका वर्षाची रेघ मारणें बरोबर नाहीं. थोडक्यांत, अपराधाची तारीख ठरली नाहीं; घडलेली गोष्ट कोणीं नाकारली नाहीं. मावना लोआ डोंगरावर १९५८ सालीं मोजूं लागले तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्ल वायूचे सुमारें ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. आणि दक्षिण ध्रुवाच्या बर्फांत कोंडलेली हवा साक्ष देते कीं, गेल्या ८ लक्ष वर्षांत, यंत्रयुगापूर्वीं, हा आंकडा ३०० च्या वर गेला नव्हता.

येथवर शास्त्र झालें. आतां नीतीचा प्रश्न पाहूं. ह्या गोष्टी ऐकून मनुष्य तीन प्रकारांनीं चुकूं शकतो.

पहिली चूक ही कीं, "आम्ही इतके क्षुद्र; ४५४ किलोमीटरांत आमचा एक दाणा; आमच्यानें काय होणार आहे?" असें म्हणणें. ही नम्रता दिसते, पण ती आळसाची बहीण आहे. आपल्या रस्त्यावर मुक्कामाच्या अलीकडे सुमारें २४० किलोमीटरांवर शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांनीं उन्हाच्या साहाय्यानें प्राणवायु सोडून साऱ्या पृथ्वीची हवा बदलून टाकिली. ते जीव डोळ्यांस दिसतही नाहींत. लहान असणें म्हणजे निरुपद्रवी असणें नव्हे. आणि विहिरीकांठीं बसलेल्या आम्हां खेडवळ लोकांसही हें लागू आहे. पंपांनीं जमिनीखालचें पाणी उपसण्यांत आज जगांत आपला देश पहिला आहे. १९९३ पासून २०१० पर्यंत जगभर इतकें पाणी उपसलें गेलें कीं, त्यामुळें पृथ्वीच्या फिरण्याचा ध्रुव सुमारें ८० सेंटिमीटर सरकला, असें शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलें. एका शेतकऱ्यानें बटण दाबलें म्हणून पृथ्वी हालत नाहीं. पण कोट्यवधि बटणें दाबलीं गेलीं आणि ती हालली.

दुसरी चूक ह्याच्या उलट आहे. ती गर्वाची. "युग बदलण्याचें सामर्थ्य आमच्यांत आहे, तर पृथ्वीचे धनी आम्हीच, जें बिघडलें तें आमचीं यंत्रेंच नीट करतील," असें कित्येक विद्वानही म्हणतात. त्यांना एवढेंच विचारावें कीं, ओंजळभर काळी माती खडकापासून करण्यास जो काळ लागतो तो तुमच्यापाशीं आहे काय? ते प्रचंड सरपट प्राणी ह्या रस्त्यावर सोळा किलोमीटरांहून अधिक चालले, आणि बोटभर मातीखालीं गेले. आम्ही तीस मीटर चाललों आहों. आम्हां ख्रिस्ती लोकांस सृष्टीवर अधिकार दिला आहे असें आम्ही म्हणतों. पण तो अधिकार कारभाऱ्याचा आहे, मालकाचा नव्हे. आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. धन्याच्या कोठारांतलें धान्य विकून जो आपली पागोटीं रंगवितो, त्याला कोणी कर्तबगार म्हणत नाहीं.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, व तिजविषयीं मला फार वाटतें. "मानवयुग" ह्या नांवांत सर्व मनुष्यें एका रांगेंत उभीं केलीं जातात, आणि दोषही सारखा वांटला जातो. हें सत्य नाहीं. आजपर्यंत कोळसा व तेल जाळून जेवढा कर्बाम्ल वायु हवेंत गेला, त्याचा सुमारें चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. हिंदुस्थानांत जगाची सुमारें एक षष्ठांश माणसें असतां आपला वांटा शेंकडा ३ च्या आसपास आहे. आपल्या देशांतही शहरांतील श्रीमंताचा धूर व डोंगरकपारीच्या झोंपडीचा धूर सारखा नाहीं. ज्या बाईनें जन्मभर गोंवऱ्या व काटक्या जाळून भाकरी केली, तिला "तूंही युग बिघडविलेंस" असें सांगणें अन्याय होय. आणि पाऊस लांबला म्हणजे पहिली उपाशी राहते तीच. म्हणून जेव्हां कोणी "मनुष्यानें केलें" असें म्हणेल, तेव्हां "कोणत्या मनुष्यानें?" असें विचारण्याचा हक्क गरिबास आहे, व तो त्यानें सोडूं नये.

तथापि न्यायाचा तराजू धरावयाचा तर दोन्ही पारडीं पाहिलीं पाहिजेत. फ्रिट्झ हाबर ह्यांनीं १९०९ सालीं हवेंतील नत्रवायूपासून अमोनिया करून दाखविला, व १९१३ पासून तो कारखान्यांत होऊं लागला. आपण शेतांत टाकतों तो युरिया त्याचेंच फळ आहे. आज जगांतील सुमारें निम्म्या लोकांच्या ताटांतील अन्न ह्या खताच्या बळावर पिकतें. तेंच खत वाहून जाऊन नद्या व तळीं नासवितें, आणि तळ्यांच्या गाळांतही त्याची खूण राहते. तेव्हां त्या थरांत केवळ लोभ लिहिलेला नाहीं. भुकेलेल्या लेंकरांना मिळालेली भाकरीही तेथें लिहिलेली आहे. ज्यानें ही गोष्ट विसरून सर्व यंत्रांस शाप दिला, त्यानें अर्धेंच दप्तर वाचलें. आणि गरिबाचा वांटा लहान आहे हें खरें असलें, तरी लहान वांटा म्हणजे मुळींच वांटा नव्हे असें होत नाहीं. शेजाऱ्यानें रुपया चोरला म्हणून माझी आण्याची चोरी पुण्य ठरत नाहीं.

मग मनुष्याचें स्थान तें कोणतें? माझ्या अल्प बुद्धीस असें वाटतें: त्या सूक्ष्म जीवांनीं हवा बदलली, पण त्यांना तें कळलें नाहीं. आकाशांतून आलेल्या पाषाणानें एक जग बुडविलें, पण त्यालाही तें कळलें नाहीं. म्हणून त्यांना दोष नाहीं. पृथ्वीचा थर लिहिणारे पुष्कळ झाले. लिहिलेलें वाचूं शकणारा मात्र मनुष्य एकटाच आहे. त्याचें मोठेपण त्याच्या बळांत नाहीं व त्याच्या वयांत तर नाहींच नाहीं. तें ह्या जाणण्यांत आहे. आणि जो जाणतो, त्याची जबाबदारी जाणण्याबरोबरच सुरू होते.

हें नुसतें बोलणें नव्हे, ह्याला दाखला आहे. वर ज्या पॅटरसन ह्यांचें नांव आलें, त्यांस पृथ्वीचें वय मोजतांना एक अडचण वारंवार येई: त्यांच्या खोलींत, हवेंत, पाण्यांत, जेथें तेथें बाहेरचें शिसें मिसळलेलें असे. हें आलें कोठून, ह्याचा शोध त्यांनीं घेतला, तेव्हां कळलें कीं, मोटारींच्या पेट्रोलांत घातलेलें शिसें धुरावाटे साऱ्या जगावर पसरत आहे. १९६५ सालीं त्यांनीं हें जाहीर केलें. व्यापाऱ्यांनीं त्यांस विरोध केला, त्यांच्या कामाचे पैसे तोडले गेले. पण ते हटले नाहींत. हळूहळू एकएका देशानें असें पेट्रोल बंद केलें. आपल्या देशांत तें २००० सालीं बंद झालें, आणि २०२१ सालीं जगांतल्या शेवटच्या देशानेंही तें सोडलें. ज्या मनुष्यानें पृथ्वीचें वय मोजलें, त्यानेंच तिच्या अंगावरचा एक डाग दाखविला, आणि तो डाग पुसूं लागला.

दुसरा दाखला प्लुटोनियमचा. ५ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिका, इंग्लंड व रशिया ह्यांनीं हवेंत असे बाँब न उडविण्याचा करार केला. फ्रान्स व चीन ह्यांनीं पुढेंही कांहीं वर्षें ते उडविले. तरी त्या करारानंतरच्या गाळांत प्लुटोनियमचें प्रमाण झपाट्यानें उतरत गेलेलें दिसतें. म्हणजे ज्या दप्तरांत मनुष्याचा अविवेक लिहिला गेला, त्याच दप्तरांत, दोन बोटें वर, त्याचें आवरणेंही लिहिलें गेलें आहे. पश्चात्ताप हा केवळ मनांतला विकार नव्हे. खरा असेल तर तो मातींतही दिसतो.

आतां आपल्या खेड्यांतील मंडळींनीं काय करावें? मोठ्या राष्ट्रांचा धूर आपण थांबवूं शकत नाहीं. पण त्यांजकडे न्याय मागण्यास तोंड स्वच्छ असावें. शेजाऱ्याची विहीर आटेल इतक्या खोल बोअर घेऊं नयेत; पाण्याचा वांटा बसून ठरवावा. प्लास्टिकच्या पिशव्या बांधावर टाकूं नयेत व चुलींतही जाळूं नयेत. युरिया पिकाला लागेल तेवढाच घालावा. आणि जीं झाडें आपण लावूं त्यांच्या सावलींत आपण बसणार नाहीं, हें ठाऊक असूनही तीं लावावीं. ह्या गोष्टी लहान आहेत. पण क्रॉफर्ड तळ्याचा गाळ तरी काय, वर्षाला एक पापुद्रा एवढ्यानेंच चढत गेला आहे.

त्या वृद्धास मीं त्या दिवशीं पुरतें उत्तर दिलें नाहीं, कारण तें मला सुचलें नाहीं. आतां सुचतें तें असें: बाबा, पुढें कोणी खणील तेव्हां त्याला आपलीं नांवें सांपडणार नाहींत, आपली जात सांपडणार नाहीं, आपलीं देवळें व मंदिरें सांपडतीलच असें नाहीं. त्याला काजळी सांपडेल, प्लास्टिक सांपडेल, कोंबड्यांचीं हाडें ढिगांनीं सांपडतील. पण त्याच्या वर आणखी एक थर असेल. तो अजून पडावयाचा आहे. गव्हाच्या दाण्याएवढ्या काळांत आपण हें जाणलें, आणि जाणल्यावर काय केलें, हें त्या थरांत असेल. तो थर आपण आज घालीत आहों.

विहिरीला अखेर त्या तांबड्या मातीच्या खालीं थोडें पाणी लागलें. घरधन्यानें पहिली घागर त्या वृद्धाच्या घरीं पाठविली.